नातवाची पळणारी गाडी

२०२५ चे गणपती नुकतेच आटोपले होते. रविवारी सकाळी पुण्याहून नातवाचा फोन आला. "आजी, मी गाडी घेऊन राहिलो." पाच वर्षं पुण्यात काढूनही पोराची नागपुरी सुटली नाही, याचंच मला आधी बरं वाटलं. मग विचारलं, कोणती? त्यावर त्याने जे काही सांगितलं त्यातलं मला "छोटी" एवढंच कळलं. छोटी म्हटल्यावर मी खूश. साधा मुलगा आहे हो आमचा, झेपेल तेवढीच घेतोय, असं मनात आलं. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा त्याने माझा गैरसमज दूर केला. "छोटी आहे, पण रॉकेट आहे रॉकेट! मी नाही म्हणून सांगितलंय."

तर ही त्या गाडीची गोष्ट. मी निवृत्त शिक्षिका, मराठी आणि इतिहास शिकवणारी. गाड्यांवर लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण घरात पोरगं वेगाची गाडी मागतं तेव्हा नुसतं घाबरायचं की समजून घ्यायचं, यावर मात्र मला थोडं बोलायचं आहे, आणि तो अधिकार मी फार महागात कमावलेला आहे.

आमच्या वेळी निवड नावाची भानगडच नव्हती. गाडी म्हणजे अँबॅसडर, नाहीतर मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जिला पुढे पद्मिनी म्हणू लागले. त्याही डॉक्टर-वकिलांच्या दारात. मास्तरांच्या दारात सायकल. मी नोकरीत कायम झाल्यावर लुना घेतली, तेव्हा गल्लीतल्या बाया बघायला आल्या होत्या. चाळीसच्या पुढे काटा गेला की सगळं अंग थरथरायचं, माझंही आणि लुनाचंही! १९८३ साली मारुती ८०० आली आणि लोकांना पहिल्यांदा वाटलं की गाडी आपल्यासाठीही असते.

पुढे माझा मुलगा अकरावी-बारावीत असताना त्याला यामाहाची आरएक्स १०० हवी होती. १९८५ साली आलेली ही मोटरसायकल त्या पिढीच्या पोरांचं स्वप्न होती. मी नाही म्हटलं. का नाही, हे सांगितलं नाही. आई म्हणून आणि बाई म्हणून, दोन्हीकडून माझा शब्द शेवटचा. मुलगा गप्प बसला. मला वाटलं, विषय संपला. तो कुठला संपतो! मित्राची गाडी मागून घ्यायची, हेल्मेट नाही, सराव नाही, घरी कळायच्या आत परत करायची म्हणून घाई. एका संध्याकाळी अजनीच्या बाजूला खडीवर घसरला. मांडीचं हाड मोडलं. दोन ऑपरेशनं झाली, एक वर्ष वाया गेलं. आज तो पन्नाशीला आला आहे, पण पावसाळ्यात जिना चढताना उजवा पाय किंचित ओढतो. तो मला कधी काही बोलला नाही. मी मात्र तो पाय रोज बघते.

म्हणून "मी नाही म्हणून सांगितलंय" हे त्याच्याच तोंडून ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, अरे, नाही म्हणायच्या आधी काय मागतोय ते तरी बघू. हेच तुझ्या वेळी मी केलं नाही.

मग आमची शिकवणी सुरू झाली. विद्यार्थिनी मी, मास्तर नातू, रोज रात्री अर्धा तास फोनवर.

पहिला धडा असा. या गाड्यांना त्याचे मित्र 'हॉट हॅच' म्हणतात. अंगाने छोट्या, मागे वर उघडणारं दार, आणि पोटात अंगापेक्षा ताकदीचं इंजिन. पण आपल्याकडे त्यात एक गंमत आहे, ती कराची. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर ती सरकारदरबारी 'छोटी गाडी', तिला कर कमी. त्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून तर जीएसटी २८ टक्के अधिक उपकर होता तो थेट १८ टक्क्यांवर आला. मग कंपन्या काय करतात? इंजिन छोटंच ठेवतात आणि त्याला टर्बो लावतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते जास्तीची हवा इंजिनात कोंबतं. लोहाराचा भाता समजा. शेगडी तेवढीच, पण भात्याने निखारे कसे फुलतात! असा भाता लावला की हजार सीसीच्या इंजिनातून १२० अश्वशक्ती निघते. जुन्या पद्मिनीची चाळीसेक असायची, म्हणजे एका छोट्या गाडीत तीन पद्मिन्या.

त्याच्या मनात तीन गाड्या होत्या. पहिली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. आपल्या चाकणला बनायची, २०१३ साली आली. बाराशे सीसी, १०५ अश्वशक्ती, आपोआप गिअर बदलणारी. २०२२ साली पोलो आपल्याकडे बंदच झाली, तेव्हा ती घ्यायची तर जुनी. दुसरी ह्युंदाईची आय२० एन लाईन, २०२१ पासूनची, हजार सीसी आणि १२० अश्वशक्ती. तिसरी टाटांची अल्ट्रोज रेसर, जून २०२४ मध्ये आलेली, ताकद तेवढीच, १२०.

नातवाचा जीव पोलोत अडकला होता. "आजी, ती चालवायला काय मस्त आहे तुला सांगू!" मी म्हटलं, सांग. त्याने दार बंद होतानाच्या आवाजापासून सुरुवात केली. ऐकताना मला माझी पहिली घेतलेली पैठणी आठवली, त्यामुळे मी हसले नाही. वस्तूवर जीव जडणं चुकीचं नाही. पण मी इतिहास शिकवलेला, तेव्हा त्याला याच जातीच्या गाड्यांचा इतिहास काढायला लावला. २०१५ ची फियाट पुंटो अबार्थ, १४५ अश्वशक्तीची, पुण्याजवळ रांजणगावला बनायची. बंद. २०१७ ची बलेनो आरएस, बंद. २०१८ ची टियागो जेटीपी, तीही बंद. २०२० साली प्रदूषणाचे नवे नियम आले त्या सुमारास ही सगळी मंडळी गेली. आपल्या देशात वेगवान छोटी गाडी येते, चार हौशी लोक डोक्यावर घेतात, आणि खप नाही म्हणून ती जाते. मागे उरतो तो मालक आणि त्याची सुट्या भागांसाठी वणवण. आठ-दहा वर्षांची जुनी गाडी, त्यात गुंतागुंतीचा गिअरबॉक्स, आणि आधीच्या मालकाने ती कशी पिदडली ते देव जाणे. पगारातून हप्ते भरणाऱ्या पोराने ही पहिली गाडी म्हणून घेऊ नये, असं माझं मत पडलं. हौसेची दुसरी गाडी म्हणून घे बापडा, चाळिशीत.

दुसरा धडा मी घेतला. प्रश्न साधा होता. तू ही चालवणार कुठे? धंतोलीत तर नाहीच. मेहाडिया चौकातून आमच्या घरापर्यंत दवाखान्यांच्या दोन्ही बाजूंना गाड्यांच्या अशा रांगा असतात की रिक्षा शिरली तरी श्वास रोखावा लागतो. इथे गाडीची ताकद नाही, तिची कमी लांबी कामाला येते. पुण्यात काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. उरला नागपूर-पुणे प्रवास. म्हणजे छत्रपती संभाजीनगरपर्यंत समृद्धी महामार्ग आणि पुढे अहिल्यानगरवरून पुणे.

समृद्धीचं नाव निघालं की आमच्या घरात सगळे क्षणभर गप्प होतात. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. पुण्यात शिकणारी, नोकरी करणारी, आपल्या नातवासारखीच मुलं त्यात होती. तेव्हापासून तो निघाला की "पोचलो" असा निरोप येईपर्यंत मी जागी असते. हे त्याला माहीत नाही. आता कळेल.

पण भीती बाजूला ठेवून हिशेब केला. समृद्धीवर मोटारीला मर्यादा ताशी १२० किलोमीटर. रस्ता दोन्ही बाजूंना तीन-तीन पदरी, समोरून वाहन येत नाही. तिथे १२० ने जायला साधी ऐंशी-नव्वद अश्वशक्तीची गाडीही पुरते. मग जास्तीची ताकद कशासाठी? उलट अशा गाडीत १२० ही ऐंशीसारखे वाटतात आणि माणूस नकळत दीडशेवर जातो. नातू प्रामाणिक आहे. म्हणाला, "हे खरं आहे, आजी." पण त्याचाही मुद्दा खरा होता. दुपदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना ताकदीची गाडी पटकन पुढे निघून आपल्या बाजूला येते. जितके कमी सेकंद उलट्या बाजूला, तितका धोका कमी. हे मला पटलं. ताकद म्हणजे नुसता माज नव्हे, ती राखून वापरली तर उपयोगीही पडते.

तिसरा धडा दिला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. शाळेत मागच्या बाकावर बसायचा, आता स्वतःचं गॅरेज आहे. मला म्हणाला, "बाई, सगळे विचारतात शंभरचा वेग किती सेकंदांत. थांबते कशी, ते कोणी विचारत नाही." मग त्याने गणित मांडलं. ताशी १२० म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. समोर काही दिसलं आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात क्रिकेटच्या दीड खेळपट्ट्या मागे पडल्या, अजून ब्रेक लागायचाच आहे! आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. गणितात नापास होणारा हा मुलगा मला वर्गाचं गणित शिकवत होता.

त्याने टायर वाचायलाही शिकवलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. आपल्या मे महिन्यातलं पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीचं ऊन, तापलेला सिमेंटचा रस्ता, तासन् तास एकाच वेगाने धावणं आणि हवा कमी असलेला टायर... पुढचं सांगायला नको. जन्मभर अक्षरं शिकवली, पण चाकावरही वाचण्यासारखं काही लिहिलेलं असतं हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

मग उरल्या दोन गाड्या, आणि घरात दोन पक्ष. मुलगा अल्ट्रोजच्या बाजूने. २०२० साली ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत अल्ट्रोजला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते, तर दोन एअरबॅगवाल्या आय२० ला २०२२ मध्ये तीन. नातवाचं म्हणणं, आता आय२० लाही सहा एअरबॅग आहेत, एन लाईनला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, आणि स्टिअरिंग त्याच्या हाताला बसतं. एक म्हणतो आदळल्यावर वाचवेल ती घे, दुसरा म्हणतो आदळूच देणार नाही ती घेतो. सांगा, कोण चूक? मी मत दिलं अल्ट्रोजला. आजीने दुसरं काय द्यावं! पण त्याबरोबर हेही म्हटलं की हप्ते जो भरणार आणि चाक ज्याच्या हातात असणार, शेवटचा शब्द त्याचा.

त्याने एन लाईन घेतली. हाताने गिअर बदलायची. दसऱ्याला दारात उभी राहिली. सुनेने लिंबू ठेवलं, मी हार घातला आणि एक अट घातली, पहिली लांब फेरी मला शेजारी बसवून. वर्ध्याला बहिणीकडे जाऊन आलो. बुटीबोरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा म्हणाला, "आजी, धर." आणि पाठ सीटला अशी चिकटली की मी लुनावरच्या त्या चाळीसच्या काट्यावर जाऊन पोचले. खोटं कशाला बोलू, मजा आली. नव्वदवर काटा जाताच त्याने स्वतःच पाय काढला. ते मी पाहिलं, बोलले नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. तरुण मुलाला वेग हवा असतो, ते पाप नाही. आपण नाही म्हटल्याने वेग जात नाही, तो फक्त आपल्या नजरेआड जातो, मित्राच्या गाडीवर, हेल्मेटशिवाय. त्यापेक्षा शेजारी बसावं, टायर वाचावेत, ब्रेकचं विचारावं, वाद घालावा, आणि हरलो तर हार घालावा. निवडायला शिकवणं हे मनाई करण्यापेक्षा जास्त वेळ खातं. तो वेळ मी एकदा दिला नव्हता.

त्या दिवशी परत आल्यावर मुलगा गाडीभोवती दोनदा फिरला. मग खाली वाकून, दुखरा पाय बाजूला टाकून, टायरवरचे चार आकडे वाचू लागला. मी आत चहा टाकायला गेले.