हसा, पण सोंगात राहून!

आपल्या हॉस्टेलमध्ये सध्या दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, "फँटसी गेम खेळायचा तर सिरियसली खेळा, नाहीतर सरळ पत्ते काढा." दुसरा म्हणतो, "अरे, राक्षस, चेटकीण आणि जादूची तलवार घेऊन बसलोय आणि हसायचं नाही? मग हसायचं कधी, व्हायवाला?" माझं मत दुसऱ्या पक्षाला. पण एका अटीवर! ती अट सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही (आणि रात्री अकरा वाजता फाशांचा आवाज ऐकून ज्यांना भलतीच शंका येते!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पैसे नसतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. "मी दरवाजा तोडतो," असं कोणी म्हटलं की तो फासा टाकतो आणि दरवाजा तुटला की खांदा, ते ठरतं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या सगळ्या खेळांचा आजोबा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला.

आता सिरियस पक्षाला माझा पहिला प्रश्न. हसणं बाहेरून येतं असं तुम्हाला वाटतं का? ते तर फाशातच आहे! या खेळातला मुख्य फासा वीस बाजूंचा. एक पडण्याची शक्यता वीसात एक, म्हणजे ५ टक्के. कमी वाटते ना? पण एका रात्रीत वीस वेळा फासा टाकला, तर निदान एकदा तरी 'एक' पडण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के निघते. (एम-थ्रीमध्ये केटी लागलेल्यांनीही करून बघावं.) म्हणजे महापराक्रमी योद्धा भर दरबारात स्वतःच्याच धोतरात पाय अडकून पडणार, हे गणिताने जवळजवळ ठरलेलंच आहे. अशा वेळी गंभीर चेहरा ठेवणं हीच खरी ॲक्टिंग!

आणि ज्यांनी हे खेळ बनवले, वाढवले, तेच सगळ्यात जास्त हसले. १९७९ सालच्या 'डन्जन मास्टर्स गाइड' या जाडजूड नियमांच्या पुस्तकात विल मॅक्लीनचं एक व्यंगचित्र आहे. त्यात योद्धे आणि जादूगार टेबलाभोवती बसून एक खेळ खेळताहेत. कुठला? तर कारखान्यांच्या, यंत्रांच्या जगात नोकरदार आणि विद्यार्थी होण्याचा! म्हणजे आपणच त्यांची फँटसी. जर्नल, सबमिशन, एचओडींची सही... एखाद्या जादूगाराला हे ऐकून किती थरार वाटेल, विचार करा.

१९८४ साली 'पॅरानोइया' आला. त्यात सगळं शहर एका संशयी कॉम्प्युटरच्या ताब्यात असतं, पात्र मेलं की त्याचा क्लोन हजर होतो, आणि खेळाचे नियम आपल्याला माहीत आहेत असं दाखवणं हाच राजद्रोह! त्याच वर्षीच्या 'टून'मध्ये तर कार्टूनसारखं पात्र मरतच नाही, नुसतं पडतं आणि तीन मिनिटांनी उठतं. २००१ साली आलेला 'मंचकिन' हा पत्त्यांचा खेळ खजिन्यासाठी मित्राला दगा देणाऱ्या हावरट खेळाडूची टर उडवतो. हे सगळं करणारे बाहेरचे टीकाकार नव्हते, याच खेळांच्या धंद्यातले लोक होते. विडंबन करायला मूळ गोष्ट पाठ असावी लागते. आपल्याकडे आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले'मध्ये कवींची खिल्ली उडवली, ती वृत्त आणि छंद हातात होते म्हणून जमली.

पण परदेशात कशाला जायचं? सूत्रधार, आयत्या वेळची भाषणं आणि मधेच फिरकी घेणारा विनोदी गडी, हा सगळा मामला आपल्याकडे जुनाच आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी रचायची. आणि विदूषक? तो खुद्द सूत्रधाराचीच फिरकी घ्यायचा. सांगा, आपल्या टेबलावर याहून वेगळं काय चालतं?

त्याहून जवळचं उदाहरण आपल्या कोकणातलं, दशावतार. सिंधुदुर्गातल्या जत्रांमधून रात्रभर चालणाऱ्या या नाटकालाही लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद मात्र नटाने उभ्या उभ्या बोलायचे. पूर्वरंगात गणपती येतो, सरस्वती येते, आणि मग येतो संकासूर. वेद चोरणारा असुर! काळा वेश, तोंडावर बुरखा. शिमग्यात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेळ्यांबरोबरही तो फिरतो, तेव्हा अनेकांना हा ओळखीचा असेल. लहानपणी आपण याला घाबरून पडवीत पळालो असू! पण दशावतारातला संकासूर मालवणीत बोलायला लागला की अख्खी जत्रा हसते. देवांचं बोलणं भारदस्त, आणि हा मात्र घरच्या बोलीत त्यांना उलटं विचारतो.

आता नीट बघा. संकासूर इतका हसवतो, म्हणून खेळ मोडतो का? नाही. कारण तो संकासूर म्हणूनच हसवतो. मधेच बुरखा काढून 'च्यायला, उकडतंय' म्हणत नाही, समोरच्या विष्णूला 'तुझा मुकुट वाकडा झालाय रे पक्या' म्हणत नाही. आणि विनोद करून झाला की विष्णूच्या हातून मरतोही. विनोद सोंगाच्या आत राहिला, म्हणून वधाच्या वेळी तेच लोक गप्प होतात.

माझी अट ती हीच. विनोद सोंगातून यावा. एखाद्याने 'डाळासुर' नावाचा राक्षस काढला, जो मेसच्या डाळीत बुडून बसतो आणि डाळीचा दाणा शोधून देणाऱ्यालाच वर देतो, तर तो खेळ आणखी रंगतो. ड्रॅगन सोन्याऐवजी तपासलेल्या जर्नलांवर वेटोळं घालून बसला, तर आणखीच उत्तम. हे खेळ परक्या मुलखातले आहेत. त्यांतले एल्फ आणि किल्ले आपल्या ओळखीचे नाहीत. त्यांची आपल्या भाषेत चेष्टा करता आली, की ते आपले होतात.

पण दुसरा विनोद सोंगाबाहेरचा असतो, आणि तो मी इथे तीन-चारदा तरी पाहिलाय. फर्स्ट इयरचा एखादा मुलगा भीत भीत टेबलावर येतो. राजाचं पात्र घेतो. जोशात भाषण करताना त्याच्या तोंडून गावची बोली निघते आणि टेबल फुटतं. कोणाला हसले सगळे? राजाला? नाही, त्या मुलाला. मग कोणीतरी त्याची नक्कल करतो, ती आठवडाभर मेसमध्ये चालते. पुढच्या शनिवारी तो म्हणतो, "सबमिशन आहे." त्याच्या पुढच्या शनिवारी त्याला कोणी विचारतही नाही. कधी बोलीऐवजी आडनाव असतं, कधी रंग, कधी मुलींपैकी कोणी सेनापती झाली म्हणून टोमणे. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, पण 'गंमत केली रे' या तीन शब्दांपुढे तो बिचारा काय करणार?

गंमत बघा. जत्रेत संकासूर हीच घरची बोली घेऊन देवांना हैराण करतो आणि टाळ्या घेतो. तीच बोली आपल्या टेबलावर एकाला उठवून लावते. फरक बोलीत नाही. जत्रेत बोली वरच्याची फिरकी घेते, इथे ती नवख्याच्या अंगावर येते.

कोणी म्हणेल, "लेका, एवढा विचार करून हसायचं म्हणजे हसण्याचंही सबमिशन झालं!" मान्य. आणि लोककलेतला प्रत्येक विनोद आदर्श असतो, असंही मी म्हणत नाही. नमनातल्या गवळणीतली मावशी पुष्कळदा बाईच्या वयावर आणि रूपावर हशे वसूल करते, ते मला आवडत नाही. पण विचार प्रत्येकाने नाही केला तरी चालेल, सूत्रधाराने केला तरी पुरे. गोष्ट त्याच्या हातात असते ना! मुलाला हसले, तर त्याने तो हशा तिथल्या तिथे गोष्टीत ओढावा. "राजाच्या तोंडून ही बोली ऐकताच किल्ल्यातले सगळे पहारेकरी उठून उभे राहतात, कारण ही त्यांच्या आईची भाषा आहे." बस्स! एका वाक्यात टेबल फिरतं. राजाची बोली आता त्याचं बळ झालं, आणि हसणाऱ्यांना त्या पहारेकऱ्यांशी लढायचंय.

तेव्हा सिरियस पक्षाने विनोदावर बंदी मागू नये आणि आमच्या पक्षाने प्रत्येक हशाला विनोद म्हणू नये. राक्षसाला हसा, राजाला हसा, सूत्रधाराला तर जरूर हसा, स्वतःच्या पडलेल्या फाशाला सगळ्यात जास्त हसा. शनिवारी जेवणानंतर टेबल लागेलच. फर्स्ट इयरवाल्यांनो, या. ज्या भाषेत घरी बोलता, त्याच भाषेत राजा व्हा. आणि सिनियर्सनो, त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवा.