एकादशीचे हलके ताट

काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीस, रात्रीच्या कीर्तनाआधी, एका यजमानांच्या आग्रहास्तव आम्ही फराळास बसलो. साबुदाण्याची खिचडी, तुपात परतलेले बटाटे, तळलेल्या पापड्या, वर बासुंदी! पूर्वरंग कसाबसा पार पडला. उत्तररंगात आवाज जड झाला आणि जांभई आवरेना. समोर निम्मी सभाही पेंगत होती. तिनेही तोच फराळ केला होता. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण त्या रात्री आम्हांस पुरती उमगली.

वस्तुतः चरकसंहितेत लंघनाचे, म्हणजे शरीरास हलकेपणा आणणाऱ्या उपायांचे, दहा प्रकार सांगितले असून उपवास हा त्यांतील एक आहे. वर्षाऋतूत जठराग्नी मंदावतो, असे आयुर्वेद सांगतो. चातुर्मासाचा आरंभ नेमका याच दिवसांत होतो. अशा वेळी तळणाची कढई चढवावी, हे कोणत्या शास्त्रात बसते?

“पण खिचडी ही तर परंपरा!” असे कोणी म्हणेल. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, भुईमूग, मिरची हीही अमेरिका खंडांतूनच आलेली. प्राचीन ऋषींना यांतले काहीच ठाऊक नव्हते. तेव्हा फराळ बदलल्याने व्रतभंग होतो, ही भीती निराधार आहे. साबुदाणा म्हणजे बव्हंशी निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक. घरातल्या मधुमेही आजीला मायेने दोनदा वाढलेली खिचडी हा प्रसाद नव्हे, अपाय आहे. अशांनी उपवास करावा की नाही आणि औषध कसे घ्यावे, हे आधी डॉक्टरांस विचारावे; देव त्याने रुष्ट होत नाही.

मग ताटात काय असावे? भगर, म्हणजे वरीचे तांदूळ, कोरडे भाजून तिप्पट आधणात शिजवावे; पण तेही बेतानेच घ्यावे. आमटीस वाटीभर कूट कशाला? दोन चमचे कूट आणि दोन आमसुले पुरतात. काकडीची दह्यातली कोशिंबीर, सालीसकट उकडलेल्या रताळ्याच्या चार चकत्या, पेलाभर ताक. साबुदाणेवड्याऐवजी राजगिऱ्याच्या पिठात तांबडा भोपळा किसून, तव्यावर झाकण ठेवून चार थेंब तुपावर थालीपीठ लावावे. जिरे-कोथिंबीर घरच्या रीतीप्रमाणे. यात आणखी एक लाभ आहे, जो पुरुषमंडळींच्या ध्यानी येत नाही: घरची गृहिणीही उपाशीच असते, आणि तिचा अर्धा दिवस तळणापुढे जात नाही. तीही कीर्तनास वेळेवर येऊन बसते.

खिचडी आमच्या घरून अगदीच हद्दपार झाली आहे, असे मात्र नव्हे. नातवंडांसाठी ती होते. फक्त आता वाटीभर साबुदाण्यास वाटीभर किसलेला भोपळा पडतो. रंग असा का, हे त्यांनी अद्याप विचारलेले नाही.