पंचगंगा ४३ फुटांवर आणि घरचा फोन बंद: पुरात आपल्या माणसांची खबर कशी घ्यायची?

‘पाणी किती फूट झालं?’

जुलै-ऑगस्टमध्ये पुणे, मुंबई किंवा दुबईत असलेला कोल्हापूरकर घरी फोन करतो, तेव्हा ‘जेवलीस काय?’च्या आधी हा प्रश्न विचारतो. उत्तरही त्याच भाषेत मिळतं: ‘राजाराम बंधारा ३८ फूट २ इंच, अजून चढालंय.’

पण ही झाली फोन लागला तरची गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. पुणे-बंगळुरू महामार्ग जवळपास आठवडाभर बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. अशा वेळी बाहेरगावी असलेल्या माणसाच्या हातात दोनच गोष्टी उरतात: व्हॉट्सॲपवर फिरणारा फुटांचा आकडा आणि ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असलेला घरचा फोन. या दोन्हींचा अर्थ नीट कळला, तर काळजी कमी होते आणि मदत योग्य ठिकाणी पोचते.

३९ आणि ४३ म्हणजे नेमकं काय?

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या.

बाहेरच्या माणसाला हा आकडा ऐकून धडकी भरते. पण ५५ फूट म्हणजे गल्लीत ५५ फूट पाणी नव्हे. ती बंधाऱ्यावरची मोजणी आहे. घरात पाणी शिरणार की नाही, हे ते घर किती उंचावर आहे यावर ठरतं.

म्हणून एकाच आकड्याला शहरात वेगवेगळे अर्थ असतात. सुतारवाड्यातल्या कुटुंबांना इतरांच्या आधी चित्रदुर्ग मठात हलवावं लागतं. पाणी आणखी चढलं की जयंती नाल्यातून ते मागे फिरतं आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत येतं. त्याच वेळी शहराच्या उंच भागात दुकानं उघडी असतात. आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीच्या लोकांचे कान मात्र ‘रेडेडोह फुटला का?’ या बातमीकडे असतात. १९८९ च्या पुरानंतर चिखलीसाठी सोनतळीला पुनर्वसनाची जागा मिळाली. आजही पूर आला की माणसं आणि जनावरं तिकडे निघतात.

त्यामुळे ‘किती फूट?’ यापेक्षा उपयोगाचा प्रश्न असा: ‘२०१९ ला आपल्या दारात पाणी आलं, तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं?’ हा आकडा प्रत्येक घराचा वेगळा असतो आणि तो घरातल्या मोठ्यांना बहुधा तोंडपाठ असतो. तो लिहून ठेवा.

ऊन पडलंय, मग पाणी का चढतंय?

भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशी या नद्या सह्याद्रीतून येतात. त्यांच्यात लोकमानसातली गुप्त सरस्वती धरली की पाच होतात, म्हणून नाव पंचगंगा. पाऊस गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या घाटात कोसळतो आणि ते पाणी शहरापर्यंत यायला वेळ लागतो. कोल्हापुरात उघडीप असतानाही पातळी वाढते ती यामुळे.

मूळ तर त्याहून लांब असू शकतं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा जोर वाढतो. हे बाष्पाने भरलेले वारे घाटाला धडकतात आणि पाऊस धो-धो पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा धोका पातळीच्या वर असतानाच ओडिशाच्या किनाऱ्यावर असं वादळी क्षेत्र येऊन धडकलं होतं. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरमध्ये २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कोल्हापूरकरांनी चॅनेलवरचं ओडिशाचं वादळही बघायला हवं, ते यासाठी.

शिरोळचा हिशेब वेगळा

इथे अनेकांची गफलत होते. मामाचं गाव शिरोळ तालुक्यात असेल, तर फक्त राजाराम बंधारा बघून उपयोग नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. म्हणजे तिथे कोयना आणि वारणेचं पाणीही येतं. त्यासाठी सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी बघावी लागते. तिथे इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ फुटांना असतो.

कृष्णेला फुगवटा आला की पंचगंगेचं पाणीही पुढे सरकत नाही. म्हणून कोल्हापुरात पूर ओसरू लागला तरी कुरुंदवाड, नृसिंहवाडीकडे पाणी तुंबलेलं राहू शकतं. ‘कोल्हापुरात उतरलं म्हणे’ असं ऐकून शिरोळच्या नातेवाइकांची चौकशी थांबवू नका. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून दर पुरात वाद पेटतो. वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं, पण धरणाची उंची वाढवायला इथल्या लोकांचा विरोध कायम आहे.

फोन का लागत नाही?

पुरात फोन बंद असण्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘काहीतरी वाईट झालं’ असा नसतो. उपकेंद्रात किंवा रोहित्रापर्यंत पाणी आलं की शॉक लागू नये म्हणून वीजपुरवठा बंद केला जातो. घरातल्या फोनचं चार्जिंग संपतं. मोबाईल टॉवर आधी बॅटरीवर आणि मग डिझेल जनरेटरवर चालतो. रस्ता पाण्याखाली गेला की डिझेल पोचत नाही. जे टॉवर चालू राहतात, त्यांच्यावर सगळ्यांचे कॉल एकदम येऊन पडतात.

त्यात आपण दर दहा मिनिटांनी कॉल केला, तर समोरच्याची उरलीसुरली बॅटरी आपणच संपवतो.

मग करायचं काय?

पाणी ३९ फुटांवर जाण्याआधी घरच्यांशी या गोष्टी ठरवून ठेवा:

• कॉलऐवजी एसएमएस. कमकुवत नेटवर्कवरही तो जाण्याची शक्यता जास्त असते. मजकूर छोटा ठेवा: कुठे आहात, किती जण आहात, काय हवं.
• दिवसातून दोन ठरलेल्या वेळा. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला फोन चालू, बाकी वेळ बंद. मग दुपारी फोन लागला नाही तर घाबरायचं कारण उरत नाही.
• एकच ‘निरोप्या’. पूरग्रस्त घरातून फक्त एका नातेवाइकाला कळवायचं आणि त्याने बाकी सगळ्यांना.
• शेजारच्या दोघांचे नंबर, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे. शिवाय पोलीस पाटील किंवा ग्रामसेवकाचा नंबर.
• निवाऱ्याचं ठिकाण आधीच ठरलेलं. ‘शाळेत’ म्हणजे कोणत्या शाळेत, हे दोन्हीकडे माहीत हवं.

मदत हवी असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. बाहेरगावाहून लावताना आधी कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ लावा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन करताना ‘माझे आईवडील अडकलेत’ एवढ्यावर थांबू नका. गल्ली, जवळची खूण, माणसं किती, आजारी किंवा अंथरुणावरचं कोणी आहे का आणि जनावरं किती, हे सांगा. बोट पाठवताना हीच माहिती लागते.

‘आम्ही बरे आहोत’वर किती विश्वास ठेवायचा?

घरचे खोटं बोलत नाहीत, पण पोरांना काळजी नको म्हणून निम्मंच सांगतात. गोठ्यात दोन म्हशी असतील तर म्हातारा माणूस घर सोडायला तयार होत नाही. ‘गेल्या वेळी उंबऱ्यापर्यंतच आलं होतं’ हा त्याचा हिशेब असतो. पण २०१९ ला अनेक घरांचा तो हिशेब चुकला आणि दोन वर्षांत पाणी त्याहूनही वर गेलं.

थांबून राहण्याची किंमत मोठी असते. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. रस्ता कोरडा असताना ट्रॅक्टरने निघणं आणि पाणी चढल्यावर बोटीने निघणं, यात हा फरक आहे.

म्हणून ‘बरे आहात ना?’ असं विचारू नका. ‘बाहेर जाणारा रस्ता चालू आहे का? औषधं किती दिवसांची आहेत? जनावरं कुठे बांधलीत?’ असं विचारा. या प्रश्नांची उत्तरं गोलमोल देता येत नाहीत. ‘या आता’ म्हणण्यापेक्षा जनावरांची सोय लावून दिली, तर माणूस लवकर निघतो.

फॉरवर्ड करण्याआधी

‘राधानगरीचे दरवाजे उघडले!’ हा मेसेज दर पावसाळ्यात येतो. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि धरण भरलं की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सातही उघडले तर सुमारे १० हजार क्युसेक पाणी भोगावतीत येतं. नदीकाठच्यांनी सावध व्हायची ही वेळ आहे, पण धरण फुटलं असा त्याचा अर्थ नाही.

असा मेसेज आला की तारीख आणि वेळ बघा. पातळीचा आकडा काही तासांत जुना होतो आणि २०१९ चे व्हिडिओ दरवर्षी नव्याने फिरतात. वेळ न लिहिलेला आकडा पुढे पाठवू नका. तो वाचून कोणीतरी घाईने पाण्यात गाडी घालेल किंवा ‘अजून वेळ आहे’ म्हणून घरातच बसून राहील.

पुढच्या वेळी घरी फोन लागला की ‘पाणी किती फूट?’ जरूर विचारा. त्याच्याच पाठोपाठ हेही विचारा: ‘आणि किती फुटांना तुम्ही निघणार?’ हा आकडा पाऊस सुरू होण्याआधी ठरलेला बरा.