टाकीचे घाव

बंगळूरची चिकपेट म्हणजे केंपेगौडाने 1537 मध्ये वसविलेल्या जुन्या पेठेचा एक भाग. अरुंद गल्ल्या, रेशमी साड्यांची दुकाने, डोक्यावर गठ्ठे घेऊन वाट काढणारे हमाल. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून या शहराला मराठीचा परिचय आहे. पेठेतील भावसार, नामदेव शिंपी व मराठा कुटुंबांत ती कन्नडच्या सोबतीने आजही बोलली जाते.

याच पेठेतील एका दुकानात आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध गृहस्थ गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडीत असत. हात कुशल, बोलणे मृदू. मात्र कोणी आवाज चढविला की हातातली घडी विस्कटे आणि ते मागच्या खोलीत जाऊन बसत. नवव्या वर्षी वडील वारल्यावर ते एका कारखान्यात कामाला लागले होते. तेथे चुकीला मार हीच शिक्षा होती. त्याला पन्नास वर्षे लोटली होती. "मार खाल्ला म्हणून माणसांत आलो," असे ते अभिमानाने सांगत. रात्र रात्र झोप लागत नाही, हे मात्र त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितले नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. दगडाच्या बाबतीत ते खरे असेल. दगडाला आठवण नसते.

अमेरिकेतील सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करीत. वजन उत्तम रीतीने घटत असतानाच काही रुग्ण उपचार सोडून जात. याचे कारण शोधताना त्यांना आढळले, की त्यांपैकी अनेकांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाले होते. पुढे त्यांनी डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह सतरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. मारहाण, अवहेलना, घरातील व्यसन, आईवर होणारा अत्याचार असे अनुभव त्यांनी विचारात घेतले. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये नैराश्य, मद्यासक्ती व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट होता. सतत भीतीच्या छायेत वाढणाऱ्या मुलाचे शरीर सदैव सावध राहण्यास शिकते. संकट टळले तरी ती सवय सुटत नाही.

भारतातही हा विषय आता दुर्लक्षित राहिलेला नाही. बंगळूरच्याच निम्हान्स संस्थेच्या पुढाकाराने देशातील सात केंद्रांत सहा ते तेवीस वर्षे वयोगटाचा जो दीर्घ अभ्यास हाती घेण्यात आला, त्यात बालपणातील प्रतिकूलतेचाही विचार आहे.

तथापि धोका म्हणजे भवितव्य नव्हे. हवाई बेटसमूहातील कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत प्रतिकूल स्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ, आत्मविश्वासी प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात आजी, शिक्षक, शेजारी असे कोणीतरी एक भरवशाचे माणूस होते. गरिबीनेच मन मोडते असे मानणे म्हणूनच चुकीचे वाटते; श्रीमंत घरातील अबोल धाकही तितकाच जाचक असू शकतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. घराच्या उंबरठ्याआत मात्र 'आमचे मूल, आम्ही पाहू' हे एक वाक्य पुरेसे ठरते. हे पाठ्यपुस्तक हाती घेणाऱ्यांपैकी काहींची शाळा बालपणीच सुटली असेल, ती कदाचित अशाच एखाद्या कारणाने. तो त्यांचा दोष नव्हता, हे कोणीतरी त्यांना स्पष्टपणे सांगायला हवे होते.

चिकपेटेतील त्या गृहस्थांच्या हाताखाली एकदा नवा मुलगा आला. पहिल्याच दिवशी त्याने साड्यांची चळत पाडली आणि अंग चोरून उभा राहिला. गृहस्थ काही बोलले नाहीत. खाली बसून त्यांनी एक पदर त्याच्या हाती दिला, दुसरा स्वतः धरला. त्या संध्याकाळी दुकान नेहमीपेक्षा उशिरा बंद झाले.