जळजळ थांबली, पण जिवाणू गेला का?

पोटातील व्रणाचे, म्हणजे अल्सरचे, खापर अनेक पिढ्यांनी तिखटावर आणि धंद्याच्या काळजीवर फोडले. पर्थ येथील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वेगळा काढून वाढवला, तेव्हा ही समजूत ढळू लागली. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. २००५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले.

या जिवाणूवर बहुधा १४ दिवस दोन-तीन प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध देतात. काही दिवसांत जळजळ थांबते, गृहस्थ पुन्हा पेढीवर बसू लागतात आणि प्रकरण मिटले असे घरात ठरते. परंतु आम्ल कमी झाले की जिवाणू जिवंत असतानाही आराम वाटतो. चेक खात्यात भरला म्हणजे तो वटला, असे कोणताही व्यापारी मानत नाही. येथे मात्र मानतो.

खात्री करणारी चाचणी प्रतिजैविके संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी करावयाची असते. त्याआधी २ आठवडे आम्ल कमी करणारे औषधही बंद हवे. नाही तर दबलेला जिवाणू चाचणीस सापडत नाही आणि अहवाल खोटा दिलासा देतो. रक्तस्रावी व्रण झालेल्यांनी किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी ते औषध डॉक्टरांना विचारल्याविना थांबवू नये. चाचणी श्वासाची अथवा शौचाच्या नमुन्याची असते. श्वासाच्या चाचणीत रुग्णास खुणेच्या कार्बनचे युरिया देतात. जिवाणू असल्यास तो युरियाचे विघटन करतो आणि तोच कार्बन उच्छ्वासात उतरतो. ती उपाशीपोटी होते, ही आपल्या घरांत अडचण खासच नव्हे. रक्तचाचणी या कामी निरुपयोगी, कारण जिवाणू गेल्यावरही प्रतिपिंडे कित्येक महिने रक्तात राहतात.

आपल्याकडे उपचार अर्धवट राहण्याची कारणे मात्र निराळी आहेत. चौविहार पाळणाऱ्याची रात्रीची मात्रा चुकते. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य, आहे असे कळताच कोणी ती मुकाट्याने बाजूला ठेवतो. डॉक्टरांपुढे संकोचाने यातले काहीच बोलले जात नाही. वस्तुतः संध्याकाळची मात्रा सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे विचारता येते. अनेक औषधे गोळीच्या रूपात किंवा वनस्पतिजन्य कवचातही मिळतात. न सांगता मात्रा गाळल्यास उरलेला जिवाणू त्या प्रतिजैविकास दाद देईनासा होऊ शकतो, आणि क्लॅरिथ्रोमायसिन व मेट्रोनिडॅझोल यांना न जुमानणारे जिवाणू भारतात आधीच पुष्कळ आहेत.

चाचणीत जिवाणू आढळलाच, तर दुसऱ्या वेळी शक्यतो निराळी प्रतिजैविके देतात. त्यासाठी पहिल्या वेळी कोणती औषधे किती दिवस घेतली आणि कोणत्या मात्रा चुकल्या, हे डॉक्टरांना कळावे लागते. पहिली चिठ्ठी म्हणूनच जपून ठेवावी. दुसऱ्या उपचारानंतरही ४ आठवडे थांबून तीच चाचणी पुन्हा करावयाची असते.