संताला भाड्याचे कपडे कशाला?



ऑक्टोबर संपत आला की मोबाईलवर संदेश फिरू लागतात : हॅलोविन हा सैतानाचा सण, मुलांना भुताचे कपडे घालू नका. मला त्या प्लास्टिकच्या सांगाड्यांची फारशी भीती वाटत नाही. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जाऊन कबरी साफ करतो, मेणबत्त्या लावतो. आपण हाडांना कशाला घाबरायचे? आणि हॅलोविन या नावाचा अर्थच मुळी सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. १ नोव्हेंबरचा हा सण पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत नवव्या शतकापासून सर्वत्र पाळला जातो. सण आपलाच आहे.

माझी तक्रार आपल्याबद्दलच आहे, आणि पहिला दोष माझा.

भुतांऐवजी मुलांना संतांचा वेश घालायचा, हे आपण ठरवले. छान. गेल्या वर्षी मीच धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगून बसले की उत्तम पोशाखाला बक्षीस मिळेल. मग काय, म्हापशाहून भाड्याने साटीनचे झगे आले, सोनेरी किनारीचे, पुठ्ठ्याच्या मुकुटांसकट. एक मुलगी आलीच नाही. रविवारी मिस्सेनंतर तिची आई म्हणाली, ताप होता. पुढच्या वर्गात मुलगीच हळूच म्हणाली, "टीचर, आमच्याकडे ड्रेस नव्हता." तिचे वडील खाणीवर ट्रक चालवत. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतल्या अशा घरांवर काय बेतले, ते तुम्हाला सांगायला नको. सर्व संतांच्या सणाला आम्ही गरिबाच्या लेकराला घरी बसवले. भाड्याचे भूत आणि भाड्याचा संत यांत मग फरक काय राहिला?

आपल्याच गोव्याचा संत जोसेफ वाझ बघा. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेला हा धर्मगुरू १६८७ मध्ये श्रीलंकेत पोहोचला. किनाऱ्यावर डचांची सत्ता होती, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी. तो भिकाऱ्याच्या वेशात जाफन्यात दारोदार फिरला, गळ्यात जपमाळ उघडी ठेवून. कारण जपमाळ बघून जो थबकेल तो आपला, हे त्याला कळे. २०१५ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याला साटीन नेसवणार?

त्याचा पोशाख करायला अर्धा तास पुरतो. बाबांचा जुना पंचा कमरेला, वर काथ्याची दोरी. खांद्यावर फाटकी चादर. नवी मुद्दाम फाडू नका, प्रत्येक घरात एक असतेच. पाय अनवाणी, हातात नारळाची करवंटी. घरातली जपमाळ गळ्यात. काही जण म्हणतील, जपमाळ म्हणजे खेळणे नव्हे. बरोबर. म्हणून ती घालतानाच लेकराला सांगा की ती त्याने का घातली होती. मुलीला मदर तेरेसा व्हायचे असेल तर आजीची पांढरी सुती साडी आणि निळी फीत. मोठ्या मुलाला लाज वाटते? २०२५ मध्ये संत झालेला कार्लो अक्युटिस जीन्सच घालायचा.

"वेळ कुठे आहे टीचर?" असे आयाबाया विचारतात. भाड्याचा झगा आणायला म्हापशाला जाऊन यायला वेळ असतो. दिवाळीच्या आधी शेजारची पोरे गवत, पुठ्ठा, जुने कपडे जमवून रात्री जागून नरकासुर उभा करतात. कोणी त्यांना वेळ विचारत नाही.

यंदा बक्षीस नाही. भाड्याचा पोशाख चालणार नाही, हेही फादरांना विचारूनच लिहिते आहे. ३१ तारखेला संध्याकाळी मी सुई-दोरा, कात्री आणि काथ्याची दोरी घेऊन हॉलमध्ये बसेन. ज्यांच्या घरी जुनी चादर जास्त आहे त्यांनी ती धुऊन आणावी. त्या मुलीच्या आईला मी स्वतः जाऊन सांगून आले आहे.