आधी घरात सांगा



२०२४ साली आपल्या सुरतेतच घडलेली गोष्ट. नव्वद वर्षांच्या एका गृहस्थांना फोन आला. बोलणाऱ्याने आपण सीबीआयचे अधिकारी असल्याचे सांगितले. मुंबईहून चीनला पाठवलेल्या तुमच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, आता तुम्हाला अटक होणार, अशी भीती घातली. पंधरा दिवस त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये ठेवले आणि १ कोटी १५ लाख रुपये काढून घेतले. घरच्यांना कळले तेव्हा कुठे पोलिसांत तक्रार झाली.

आम्हाला त्या रकमेपेक्षा ते पंधरा दिवस जास्त सलले. या चोरांची पहिली अट नेहमी एकच असते : कोणाला सांगू नका. माणूस एकटा पडला की त्यांचे अर्धे काम झाले.

आता आपल्या घरांकडे पाहू. उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणारी आपली कुटुंबे. मुले-सुना कामावर, आजी-आजोबा फोन घेऊन घरी. त्यांनी काही विचारले तर आपण म्हणतो, “तुम्हाला काय कळतंय त्यातलं? ठेवा तो फोन.” मग ज्या दिवशी खरोखर चूक होते, त्या दिवशी ते गप्प बसतात. म्हणून आम्हाला वाटते, फोनच्या कुलपाआधी घरातली बोलणी सुधारायला हवीत. ज्या घरात चूक कबूल करता येते, त्या घरात चोराला फार वेळ मिळत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायात मेंढपाळाची वाणी ओळखणारी मेंढरे आहेत, आणि दाराने न येणारा चोरही आहे. परकी वाणी ओळखायला शिकणे हाही आपल्या विश्वासाच्या जीवनाचाच भाग आहे.

चार गोष्टी आजी-आजोबांना प्रेमाने सांगा. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचे काहीही नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करत नाही. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. ओटीपी बँकवाल्यालाही सांगायचा नाही. आणि अनोळखी माणसाने पाठवलेले ॲप फोनमध्ये घ्यायचे नाही, मग ते लग्नपत्रिकेच्या नावाने आलेले का असेना.

तरीही पैसे गेलेच तर रडत बसू नका, रागावत तर मुळीच नको. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. तक्रार लवकर पोहोचली तर पुढच्या खात्यात गेलेले पैसे अडवता येण्याची शक्यता असते. उद्या बघू म्हटले, तर तोवर ते कुठल्या कुठे जातात. हा १९३० आकडा मोठ्या अक्षरांत लिहून देवघराच्या नव्हे, तर आपल्या वचनाच्या कॅलेंडरशेजारी भिंतीवर लावा.

आणि एक विनंती. आज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर पाच मिनिटे तसेच बसा. तरुणांनी आधी आपली एखादी फसगत सांगावी; आमच्यापैकी कित्येकांनी घाईत नको ती लिंक दाबलेली आहे. मग वडीलधाऱ्यांना म्हणा, “असा फोन आला तर आधी आम्हाला सांगा. आम्ही रागावणार नाही.” आणि दिलेला शब्द पाळा.

प्रभू आपणा सर्वांची घरे सांभाळो. आमेन.